चार विसा

गुरुवार, जेवणानंतरचा तास.
रेडिएटरवर मोजे वाळत घातलेले,
वर्गभर ओल्या लोकरीचा वास.
फळ्यावर मी सत्तर काढते
नि खाली फ्रेंचमध्ये लिहिते: साठ-दहा.
स्वासाँत-दीस.
"मिस, सत्तरला त्यांच्याकडे शब्दच नाही?"
नाही, टोबायस.
"हरवला?"

याआधी काय काय करून पाहिलं.
रिचमंडहून क्रोसाँ आणले,
पोरांनी चाटूनपुसून खाल्ले,
शब्द तेवढा कागदी पिशवीत राहिला.
मोज्याची बाहुली केली,
तिच्या तोंडून गोड बोंझूर म्हणाले.
इमोजेन म्हणाली, मिसेस सबनीस, तुमचे ओठ हलतायत.
पॅरिसचा मनोरा रंगवायला दिला,
सगळ्यांनी हिरवा रंगवला,
कारण टोक फक्त हिरव्या पेन्सिलींना होतं.

मग पाळी आली ऐंशीची.
कात्र-व्हँ. चार वीस.
वर्ग हसून हसून बाकांवर आडवा.
मी समजावायला तोंड उघडलं
आणि फलटणच्या आमच्या दारात
धप्पदिशी टोपली उतरली.
गोवऱ्यावाली सावित्रा मोजू लागली:
एक वीस, दोन विसा, तीन विसा,
दर विसाला एक तुकडा उंबऱ्यावर वेगळा.
"चार विसा नि वर धा, वैनी, बघून घ्या."
नव्वद तिला ठाऊक नव्हते असं नाही,
तिच्या हातांना त्याची गरज नव्हती.
मी आत जाऊन हसायचे. पाढे येत होते ना मला.
आणि आमचं एकोणऐंशी?
ऐंशीच्या दारापर्यंत जायचं
नि एक पाऊल मागे यायचं.
त्याला कधी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात विल्फ ऑल्डरसन,
जो सप्टेंबरपासून माझ्या तासाला
फक्त शिंकला होता,
खिडकीबाहेर बघतच बोलला:
"आजोबा तसंच मोजतात. मेंढ्या.
यान, टान, टेदर, मेदर, पिप...
वीस झाल्या की एक खडा खिशात.
मग पुन्हा यानपासून."
मग ऐंशी मेंढ्या म्हणजे, विल्फ?
"चार खडे, मिस."
जणू वर्गात ढ मीच.

पुस्तकं मिटली. मोजे ओलेच चढवले.
रीथच्या शाळेच्या अंगणात, डोंगरावरून
कान कापणारं वारं येत असताना
अर्धे धनगर झाले, अर्धे मेंढ्या.
मेंढ्या अकराच,
म्हणून भिंतीला वळसा घालून
त्याच पुन्हा फाटकातून यायच्या.
अँ, दो, त्र्वा, कात्र...
विसाव्या मेंढीला सगळे मिळून "व्हँ!"
नि खडा खिशात.
फ्रेंच मेंढी कशी ओरडते, कुणीतरी विचारलं.
मला आलं नाही. परीक्षेत कधी आलंच नव्हतं.

तीन खडे झाले, पुढे रांग चालूच,
आणि टोबायस फाटकावर चढून ओरडला,
"मिस, सापडला! सत्तर!
तीन खडे नि दहा सुट्ट्या मेंढ्या!"
सुट्ट्या दहांनी एकदम बें केलं.
घंटा झाली ती आम्हाला ऐकू आली नाही,
मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन
हाताची घडी घालून उभ्या राहिल्या तेव्हा कळलं.

सोमवारी फाटकाशी विल्फची आई.
वॉशिंग मशीन रात्रभर खडखडत होतं म्हणे.
तळवा उघडून तिने खडे दाखवले.
मी माफी मागणार,
तर तिच्या कडेवरची धाकटी, जिला अजून
शाळाच नाही, खड्यांवर बोट ठेवत म्हणाली,
"कात्र-व्हँ."
तिची आई माझ्याकडे बघत राहिली.

वार्षिक अहवालात एक रकाना असतो:
वापरलेली साधने.
मी लिहिलं, खडे.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

काल कोट झटकला तर
अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यात एक निघाला, करडा,
एका बाजूने गुळगुळीत.
कुणाची ही वीस,
मोजायची राहिली की मोजून झाली,
काही आठवत नाही.
परत खिशात टाकला.